दोन्ही हात जुळतात

घुग्घुस, १२ जून २००४

चि. जंगूस इंदुबाईचे अ. आ. रागात लिहून राह्यली, तरी मोठी बहीण हाव म्हून आशीर्वाद लिहिला. घे.

काल बाजारात तुह्या गावचा लटारू भेटला. म्हणे, तुह्या अपंगत्वाच्या कागदावर तीसच टक्के आले. चाळिसाच्या खाली अनुदान नाई, हे तुले ठाऊक होतं ना? काऊन असं झालं म्हून इचारलं, तर म्हणे तू डॉक्टरसाहेबाले दोन्ही हात जोडून नमस्कार केला! अरे बयताडा, मळणीयंत्रानं डावा हात खांद्यापासून मारला त्याले दोन वर्ष झाले. तो लोंबता हात उजव्या हातानं उचलून जोडाची काय गरज होती? साहेबानं हात तपासून न पाहता लिहून टाकलं, दोन्ही हात जुळतात म्हून. तिकडं दुर्पता घरच्या कपाशीची पराटी निंदून वरतून लोकाच्या वावरात जाते. बायकोचा जीव घेशील का? अपील कर. अर्ज पाठवून राह्यली, निस्ती सही कर.

चिडलेली तुही बाई,
इंदु

जिवती, २ ऑगस्ट २००४

ती. इंदुबाईस जंगूचा सा. न. वि. वि.

तुह्या शिव्या पोचल्या. मोठ्या माणसाले एका हातानं नमस्कार करू काय? बाबानं हेच शिकवलं का आपल्याले? तू घुग्घुसले जाऊन शहरवाली झाली, आमाले अजून रीत समजते. सही केली, ते दुर्पता रडली म्हून. तुह्यासाठी नाई.

तेवीस तारखेले चंद्रपूरले परत बोलावलं हाय. तू येऊ नोको. मी काही बाजारातला बैल नोहो, तू दात दाखवाले. लोभ ठेवाचा तर घरी बसून ठेव.

जंगू

जिवती, २८ ऑगस्ट २००४

इंदुबाईस,

या वेळी नमस्कार लिहत नाई.

नोको म्हटलं तरी आलीच. डॉक्टरीणबाई भली होती. खुर्ची दिली, काय काय जमत नाई म्हून इचारलं. मी म्हटलं, सगळं जमते. त् तू मधात घुसली! पंधरा माणसाच्या लाइनीसमोर सांगतलं का माह्या भावाले पायजम्याचा नाडा बांधता येत नाई, बायको बांधून देते. खोटं वाटते त् सोडून पाहा म्हणे! लोकं खीखी हासले. डॉक्टरीणबाईनं साठ टक्के लिहले, कागद भेटला. पण तू मले चारचौघात नागडं केलं. माह्या दारात पाय ठेवू नोको. भाऊबीजेले बी नाई.

जंगू

घुग्घुस, ९ सप्टेंबर २००४

चि. जंगूस अ. आ.

होय, केलं. परत बोलावलं त् परत करीन. तू सगळं जमते म्हणत होता तवा दुर्पता भिंतीले टेकून तोंडात पदर कोंबून उभी होती. तुले दिसली नाई, मले दिसली. लाज मले बी वाटली रे. माह्या भावाची गोष्ट हाय ते, लोकाची नाई. घरी येतपर्यंत बसमधी रडत आली. पण माफी मांगत नाई.

नाई येत तुह्या दारात, बस? अनुदान सुरू झालं का दुर्पताले लोकाच्या वावरात धाडू नोको, एवढं आईक. अन माह्यावरचा राग सोडू नोको. दोघं बी पोटभर जेवा, अन मंग बसून राग कर. रोज कर.

लोभ देऊ नोको, आशीर्वाद तेवढा घे.

तुही बाई,
इंदु