अर्धाच उपचार

बाबा,

तुमच्यावर रागावून लिहायला बसलो आहे. गेलेल्या माणसावर, तेही इतक्या वर्षांनी, रागवावं का, हा प्रश्न मी रोजच्या टिपणात लिहिला आणि खोडलाही. राग जात नाही. तो दुसऱ्या कोणाला सांगितला तर चहाडी होईल, म्हणून तुम्हालाच सांगतो.

अमरावतीच्या राजापेठेतली माझी भाड्याची खोली तुम्हाला आठवत असेल. मी कॉलेजात होतो आणि दिवाळीनंतर वर्गात जाणंच सोडलं होतं. कारण काही नव्हतं, हेच वाईट होतं. घरात कोणी गेलं नव्हतं, मी नापास झालो नव्हतो. सकाळी जाग यायची आणि छातीवर कोणी ओलं पोतं टाकल्यासारखं वाटायचं. दाढीची वाटी शोधायची म्हटलं तरी बळ नसायचं. खोलीतल्या सोबत्यानं तुम्हाला कळवलं आणि तुम्ही पातूरहून निघून आलात, धोतराला मळ्यातला चिखल तसाच. घरमालकीण दारात उभी राहून सांगत होती, "बाहेरचं काई असन भाऊ, जाणत्याले दाखवा." तुम्ही म्हणालात, "बाहेरचं नाई बाई, आतलंच हाय. खिडकी बंद करून बसला हा." आणि खिडकी उघडलीत. माझी ट्रंक खांद्यावर घेतलीत आणि जिना उतरायला लागलात. मी मागोमाग आलो, कारण ट्रंकेत माझं सगळंच होतं.

मळ्यातला तो हिवाळा मला जसाच्या तसा दिसतो. उजाडताच विहिरीच्या पाण्यानं अंघोळ, मग उन्हाकडे पाठ करून बसायचं, ज्वारीची भाकर आणि मेथी, दुपारी झोपायचं नाही, दिवे लागल्यावर फार जागायचं नाही. आणि काम म्हणजे मोट. आपल्या मळ्याची रीत अशी, की मोट वर येऊन थारोळ्यात रिकामी झाली की बैल हाकणाऱ्यानं हाळी द्यायची, आणि खाली वाफ्यात पाणी वळवणाऱ्यानं ओ द्यायची. ओ ऐकल्याशिवाय बैल मागे घ्यायचे नाहीत. मी कितीतरी दिवस कोणाशी धड बोललो नव्हतो, आणि तुम्ही मलाच बैलांमागे उभं केलंत. पहिली मोट रिकामी होते. बैल थांबतात, मी थांबतो. तुम्ही शेवंतीच्या वाफ्यात फावड्यावर हात टेकून उभे आहात, माझ्याकडे बघतही नाही. पाटातलं पाणी आटत जातं. शेवटी माझ्या घशातून काहीतरी निघतं. "ओ!" तुम्ही म्हणता, आणि लगेच, "बकरी बरी वरडते तुह्याहून. पन चालते. घे मांगं." मला हसू आलं. त्या हसण्याची मलाच इतकी नवलाई वाटली, की मी बैल मागे घ्यायला विसरलो.

मी बरा झालो. हे मी नाकारणार नाही. ऊन, अंगमेहनत, वेळेवर झोप, आणि दिवसभर कोणीतरी आपल्या हाळीला ओ देतं आहे ही खात्री, यांनी मला उठवलं. पण एकदा बांधावर भाकर खाताना मी विचारलं होतं, अकोल्याला एखाद्या डॉक्टरला दाखवून यावं का. तेव्हा तुमचा चेहरा बदलला. "औषिध एकदा पोटात गेलं का माणूस त्याचाच होऊन बसते. आपल्या घरात असं कोनाले झालं नाई, अन् कोनी बाटली घेतली नाई. मातीत हात घातला का हे दुखनं उतरते. नाई उतरलं त समजाचं, हात मनापासून घातलाच नाई."

हे वाक्य मी पुढे सगळीकडे बरोबर नेलं. शिकलो, अमरावतीला शाळेत मास्तर झालो, संसार मांडला. ते पोतं मधूनमधून परत येत राहिलं, आणि प्रत्येक वेळी मी समजलो की आपल्या सगळ्या घरात असा मऊ हाताचा मी एकटाच निपजलो. बायकोला डोकं दुखतं म्हणून सांगायचो आणि गावाबाहेर चालत सुटायचो. कधी उतरायचं, कधी नाही. नाही उतरलं की वाटायचं, आपणच मनापासून चाललो नाही.

आणि मग या वर्षी तुमची नात, जिला तुम्ही पाहिलंच नाही. मॅट्रिकच्या वर्गातली हुशार मुलगी, हळूहळू वेणी घालेनाशी झाली, मग जेवेनाशी, मग शाळेत जाईनाशी. तिची आई म्हणाली, डॉक्टरला बोलवा. मी म्हटलं, मला यातलं कळतं. तुमच्यासारखीच तिची ट्रंक उचलली आणि तिला पातूरला नेलं. तीच अंघोळ, तेच ऊन, तीच भाकर, तीच मोट. पोरगी सगळं करायची. हाळीसुद्धा द्यायची, स्पष्ट आवाजात. तोंडावर मात्र काही उमटत नव्हतं. एक दिवस माझ्या आईपाशी बसून ती फुलं निवडत होती आणि मी ओसरीवर होतो. ती म्हणाली, "आजी, मी सगळं आप्पा सांगतात तसं करते. तरी काही होत नाही. मीच खोटी असेन."

आई फुलांची टोपली तशीच टाकून माझ्याकडे आली. "पोरीले डाक्तराकडे ने."

"माय, मी इथंच बरा झालो ना?"

"तू झाला. तुहा बाप नाई झाला."

मला आधी कळलंच नाही. मग तिनं सांगितलं. तुम्हाला ते दुखणं माझ्याहून जुनं होतं. फुलांच्या टोपल्या मोटारीच्या टपावर टाकून तुम्ही अकोल्याला जात होता, आणि माल बाजारात उतरवला की जठारपेठेतल्या एका डॉक्टरापाशी जाऊन बसत होता. कधी तिथं रडतही होता. औषधाची बाटली घेऊन येत होता. मला मळ्यात आणलंत त्या सालीसुद्धा.

"मले काहून नाई सांगतलं?"

"त्याईनं शपथ घातली होती. म्हने, पोराले वाटन, बापच असा, मंग आपलं काय होनार."

बाबा, तुमचं ऊन खोटं नव्हतं, तुमची मोट खोटी नव्हती. पण त्या विहिरीवर दोन आजारी माणसं होती आणि त्यातल्या एकालाच ते ठाऊक होतं. मला तुम्ही अर्धा उपचार दिलात आणि उरलेला अर्धा अकोल्याला जाऊन एकट्यानं घेतलात. तुम्ही नुसतं म्हणाला असता, "मलेबी होते," तर माझी इतकी वर्षं लपण्यात गेली नसती, आणि माझी मुलगी स्वतःला खोटी म्हणाली नसती. की हा दोष माझा, की मी एका माणसाचं बरं होणं सगळ्यांसाठी कायदा मानला? तोही असेल. पण कायदा सांगणारे तुम्ही होता, आणि तो मोडणारेही तुम्हीच.

मुलीला अमरावतीच्या डॉक्टरांना दाखवलं. मी तिच्या आईदेखत माझी मळ्यातली सगळी हकीकत सांगितली तेव्हा ते हसले. "मळा सोडा म्हणून कोण सांगतंय मास्तर? ऊन राहू द्या, चालणं राहू द्या, खाणं राहू द्या. झोपेसाठी थोडं औषध देतो. आणि तिला दर आठवड्याला माझ्याकडे येऊन बोलू द्या." आता ती बोलते. परवा तिनं आईकडून वेणी घालून घेतली.

काल संध्याकाळी आम्ही दोघं फिरून येत होतो. तिनं विचारलं, "आप्पा, आई म्हणत होती तुम्हालाही असं झालं होतं. खरं?" मी सगळं सांगितलं, अजूनही होतं हेसुद्धा. ती म्हणाली, "म्हणजे मी एकटी नाही."

"नाही."

"आणि आजोबांना? त्यांना कधी झालं होतं का?"

मी म्हणालो, "छे गं. ते मातीतले माणूस. त्यांना कुठलं?"

"असो," ती म्हणाली, "आपण दोघं तर आहोत."

ती अर्ध्याच सत्यावर समाधान मानून चालत राहिली आणि मी तिला चालू दिलं. ते तिला सांगायला हवं, हे मला पटतं. हे पान कोणाला दाखवणार नाही, पाठवायचा प्रश्नच नाही. तुमच्यावरचा राग अजून उतरलेला नाही. तरी तिच्या डोळ्यांसमोर तुम्ही लहान झालेले मला बघवले नसते.