डावीकडची दाढ, शेरा: लक्ष ठेवावे

३ ऑक्टोबर, सोमवार

सकाळी चहाचा पहिला घोट घेतला आणि डावीकडच्या खालच्या दाढेतून थेट कानापर्यंत कळ गेली. चहा फार गरम होता. बायकोला तसं सुनावलं. ती म्हणाली, चहा रोजच्याइतकाच गरम आहे आणि त्या दाढेला वर्षभर भोक आहे, त्यात ब्रशचे केस अडकतात हे तिनं डोळ्यांनी पाहिलंय. भोक नाही, खाच आहे. आणि दुसऱ्याच्या तोंडात डोकावून बघणं हा किळसवाणा प्रकार आहे.

ऑफिसात मात्र चांगली बातमी. मॅनेजरनी केबिनमध्ये बोलावलं. वीस तारखेला सगळ्या शाखांच्या तक्रार-टेबलवाल्यांचं ट्रेनिंग आहे. विषय: तातडी कशी ओळखावी. वक्ता मी. चाळीस मिनिटं, माइकसकट. बरं झालं तर जानेवारीपासून ट्रेनिंगचं काम कायमचं माझ्याकडे, म्हणजे फोनपासून सुटका.

अकरा वर्षं लिफ्टच्या तक्रारी ऐकतोय. लिफ्ट जरा किरकिरली की यांचं अर्जंट. बटण चिकट झालं, अर्जंट. ते चिकट कशानं झालं हे मात्र कोणी सांगत नाही. माझे शेरे तीनच. साधी. लक्ष ठेवावे. तातडीची. तिसरा शेरा मी वर्षाला दोनदासुद्धा देत नाही. यावरून आमचा जुना मेकॅनिक माझ्याशी कायम हुज्जत घालतो. त्याच्या बोटांना ग्रीस असतं आणि तो त्याच बोटांनी माझं रजिस्टर उघडतो.

दाढ: साधी.

संकल्प: चहा कोमट. भाषणाचे रोज दोन मुद्दे.

५ ऑक्टोबर, बुधवार

गार पाण्यानंही कळ. आली ती अर्धा तास गेली नाही. शेरा वाढवला: लक्ष ठेवावे.

समोरच्या टेबलावरचा सहकारी (मी त्याला मनातल्या मनात रवंथ म्हणतो, कारण तो तोंड उघडं ठेवून चावतो आणि चावता चावता फोन घेतो) म्हणाला, लवंग धरा. आणि खिशातून लवंग काढून दिली. तिला रुमालाचा धागा चिकटलेला होता. मी आभार मानून ती कुंडीत टाकली. कुंडीतलं झाड तसंही मेलेलं आहे.

मुद्दे: शून्य. ठणका लागला की माणसाला सुचत नाही. उद्या चार.

८ ऑक्टोबर, शनिवार

आता काही न खाता-पिताही ठणकतंय. झोपलं की जास्त. म्हणजे आडवं होणं हेच कारण दिसतं. बसून झोपायचं ठरवलं.

बायकोनं मला न विचारता दातांच्या डॉक्टरीणबाईंची अकराची वेळ घेतली. भांडण नको म्हणून गेलो. काचेच्या दारातून आत पाहिलं. टेबलावर प्लास्टरचे जबडे, कोणाकोणाचे ते, ओळीनं मांडलेले. खुर्चीत एक गृहस्थ. ते पुढे वाकले, बेसिनमध्ये थुंकले आणि ओठापासून बेसिनपर्यंत एक लांबलचक तार लोंबत राहिली. तुटेना. ते बोट घालून ती तोडायला लागले.

परत आलो. बायकोला सांगितलं, दवाखाना बंद होता. ती म्हणाली, दवाखान्यातून फोन आला होता, तुमचे मिस्टर जिन्यावरून धावत खाली का गेले म्हणून विचारत होते. माणसाची खाजगी बाब म्हणून काही उरलेलीच नाही.

मुद्दे: दोन. दोन्ही मॅनेजरचे आभार मानण्याचे.

११ ऑक्टोबर, मंगळवार

विजय!

सकाळी उठलो तर ठणका गायब. कमी झाला असं नव्हे, गायब. गरम चहा त्या बाजूनं पिऊन पाहिला. काही नाही. गार पाणी, काही नाही. चमच्यानं दाढेवर टकटक केली, तर शेजाऱ्याच्या दारावर केल्यासारखं वाटलं.

म्हणजे अकरा वर्षं मी जे म्हणतो तेच खरं. निम्म्या तक्रारी नुसतं लक्ष ठेवलं की आपोआप मिटतात. भाषणाचा पहिला मुद्दा सापडला: आवाज बंद, तक्रार बंद. रजिस्टरमध्ये मी नेहमी असंच करतो. दोन दिवस फोन आला नाही की निकाली.

बायकोनं पुन्हा दवाखान्यात फोन केला. डॉक्टरीणबाईंचं म्हणणं, दुखणं असं अचानक थांबलं तर दाढेची नस मेली असेल, जंतू खाली हाडात उतरतात, उलट लवकर या. दुखलं तरी या आणि थांबलं तरी या! धंदा म्हणतात तो हा.

दाढ: निकाली.

१३ ऑक्टोबर, गुरुवार

ऑफिसात घाण वास येतो. कुजका, गोडसर. सकाळपासून शोध घेतोय. पहिला संशय अर्थातच रवंथवर. त्याच्या टेबलाचे खण उघडायला लावले. मोजे सापडले, पण तो वास वेगळा. मग पॅन्ट्रीतला फ्रिज. मागच्या कप्प्यात एक डबा होता, त्यात काय होतं ते आता डब्यालाही आठवत नसेल. झाकण उघडलं तर आतून केस आलेले. फेकला. वास कायम.

मॅनेजरना लेखी तक्रार दिली. शेरा मीच लिहिला: तातडीची. या वर्षातली पहिली.

संध्याकाळी घरी तोच वास. म्हणजे रवंथचा वास कपड्यांना लागून घरापर्यंत येतो. शर्ट वेगळे धुवायला टाकले. बायको जेवताना खुर्ची टेबलाच्या त्या टोकाला घेऊन बसली.

१५ ऑक्टोबर, शनिवार

वास स्वयंपाकघरातल्या सिंकचा असणार असं अनुमान काढून प्लंबरला बोलावलं. त्यानं खालचा वाकडा पाइप काढला आणि बादलीत उपडा केला. जे पडलं ते लिहवत नाही. लिहितोच. करड्या रंगाचा लिबलिबीत गोळा, त्यात केस, आणि एक चमचा, जो आम्ही कामवालीनं नेला म्हणून तिच्यावर दोन महिने दात धरून होतो. मी खिडकीबाहेर तोंड काढून उभा राहिलो.

पाइप धुऊन बसवल्यावरही वास होताच. प्लंबरला म्हटलं, अजून आहे. तो जरा मागे सरला. मग म्हणाला, साहेब, राग मानू नका, तुम्ही बोललात की येतो, गप्प बसलात की जातो. बायको दारात उभी होती. तिनं मान खाली घातली. दिवसभर गटारं उपसणारा माणूस मला हे सांगतो!

दुपारी आरशात पाहिलं. हिरडीवर दाढेखाली एक पुळी. जिभेनं दाबली, फुटली. चव फुलदाणीतल्या आठवड्याच्या पाण्यासारखी, वर खारट. तीनदा चुळा भरल्या, चौथ्यांदा ओकलो. पण विचार केला तर हे चांगलंच झालं. आत जे साचलं होतं ते बाहेर आलं. शरीर आपलं मेंटेनन्स आपणच करतं. फक्त त्याला वेळ द्यावा लागतो.

संकल्प: सोमवारपर्यंत तोंड बंद ठेवून बोलायचं.

१७ ऑक्टोबर, सोमवार

डावा गाल भरलाय. गेली कित्येक वर्षं सगळे म्हणायचे, तब्येत खराब झाली, गालफडं बसली. आता एका बाजूनं सुरुवात झालीय.

ऑफिसात रवंथ म्हणाला, सुजलंय. मी म्हटलं, तू चाव.

घरी बायकोनं थर्मामीटर लावला. एकशे एक. थर्मामीटर जुना आहे. काच धुतलीय की नाही कोण जाणे, कोणाकोणाच्या काखेत जाऊन आलाय. ती म्हणाली, मला भीती वाटतेय. तिला भीती वाटण्याची सवय आहे, तिला पालीचीही वाटते. बाकी काही विशेष घडलं नाही.

भाषण: अठरा मुद्दे तयार. एकच काळजी, जबडा थोडा आखडलाय. सराव जास्त झाल्यामुळे.

१९ ऑक्टोबर, बुधवार

रजा घेतली, सरावासाठी. आरशासमोर सराव केला. दोन बोटं मावतील एवढंच तोंड उघडतं. शब्द बाहेर येतात, पण 'ळ' येत नाही. 'ळ' असलेले मुद्दे काढून टाकले. बारा उरले.

सूज गालावरून जबड्याखाली उतरलीय. उतरली म्हणजे ओसरतेय, मराठी भाषाच तसं सांगते. हाताला मात्र दगडासारखी लागते. ताप असावा. थर्मामीटर लपवून ठेवलाय. बायको घरभर शोधतेय.

उशीवर लाळेचा डाग. पिवळा. उशी उलटी करून ठेवली.

२० ऑक्टोबर, गुरुवार, सकाळी ८

आज. पांढरा शर्ट. एक बोटही मावत नाही. थुंकी गिळता येत नाही, म्हणून तीन रुमाल घेतले. स्वतःचेच, तरी हातात धरवत नाहीत. पाणी प्यायलो ते नाकातून आलं. नाकाला सर्दीचा त्रास आहेच.

योजना: दात मिटून, हळू, भारदस्त बोलायचं. मोठे अधिकारी असेच बोलतात.

बायको म्हणाली, भाषण गेलं खड्ड्यात, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चला. तिला हातानं खूण केली: एक वाजल्यानंतर.

त्याच दिवशी, दुपार, कंपनीच्या व्हॅनमध्ये. अक्षर हलतंय

उभा राहिलो. माइक समोर. साठ माणसं. तोंड उघडेना. अजिबात. मॅनेजर खालून मान हलवतायत, बोला, बोला. शेवटी चिठ्ठी लिहून दिली: दातखीळ बसली आहे.

त्यांनी ती माइकवर वाचून दाखवली! म्हणाले, पहिल्यांदा माइक हातात आला की भल्याभल्यांची दातखीळ बसते, घाबरू नका, जोरदार टाळ्या होऊ द्या. साठ माणसांनी टाळ्या वाजवल्या. मी चिठ्ठीकडे बोट दाखवतोय आणि टाळ्या वाढतायत. रवंथनं शिट्टी मारली. तेवढ्यात हनुवटीवरून लाळ ओघळून माइकवर पडली. स्पीकरमधून टप असा आवाज आला. पहिल्या रांगेतल्या बाईंनी पदरानं तोंड झाकलं.

मागून मेकॅनिक उठून आला. त्यानं त्याच ग्रीसच्या बोटांनी माझी हनुवटी वर केली, जबड्याखाली दाबलं आणि मॅनेजरना म्हणाला, साहेब, हा घाबरलेला नाही, याला थुंकी गिळता येत नाहीये, श्वासाचा आवाज ऐका. आणि मला खांद्याला धरून बाहेर काढलं.

आडवं झालो की श्वास पुरत नाही. बसून लिहितोय. बायको मोठ्या हॉस्पिटलच्या दारात उभी आहे म्हणे. तिला कोणी सांगितलं? मेकॅनिक म्हणतो, तिनंच त्याला सकाळी फोन केला होता. मला भीती वाटतेय.

२४ ऑक्टोबर, सोमवार, वॉर्ड

दाढ काढली. जबड्याखाली चीर दिली, त्यातून रबराची नळी बाहेर आहे, आणि नळीतून जे बाहेर येतं ते बघून सिंकचा पाइप मला स्वच्छ वाटायला लागलाय. नर्स रोज त्याचं माप घेते आणि माझ्यासमोरच जेवायला जाते.

डॉक्टर म्हणाले, पू गळ्याकडे सरकत होता. आणखी अर्धा दिवस काढला असता तर श्वासनलिका दाबली गेली असती. दाढेनं मरता येतं हे मला माहीत नव्हतं.

मॅनेजरचा मेसेज आला. लवकर बरे व्हा. भाषण दुपारच्या सत्रात मेकॅनिकनं परत येऊन केलं. चार मिनिटांत. म्हणाला, अडकलेला माणूस आतून ओरडतोय तोवर तो ठीक आहे, ओरडणं थांबलं की पळा. लोकांना फार आवडलं. जानेवारीपासून ट्रेनिंग तोच घेणार.

पहिल्या दिवशी मला बोलता येत नव्हतं आणि डॉक्टरांना तारखा हव्या होत्या: कधी दुखलं, कधी थांबलं, सूज कधी, ताप कधी. म्हणून बायकोनं माझ्या बॅगेतून ही वही काढून त्यांना दिली. आज त्यांनी ती परत आणली. म्हणाले, पंचवीस वर्षांत इतकी नीट नोंद पाहिली नाही, एकही लक्षण सुटलेलं नाही, सगळं क्रमानं. मी उशीवर जरा सरळ बसलो. मग त्यांनी विचारलं, रोज लिहीत होतात ते ठीक, पण एकदाही वाचलं नाहीत का?

ते गेल्यावर वाचली. पहिल्या पानापासून, शेजारी बायको बसलेली असताना. दुसऱ्या कोणाची वही असती तर सतरा तारखेलाच मी त्या माणसाला हाताला धरून दवाखान्यात नेलं असतं. बोलायला अजून बंदी आहे, म्हणून नर्सनं दिलेल्या पाटीवर तसं लिहून तिला दाखवलं. तिनं पाटी पुसली. मग म्हणाली, नेलंच होतं मी, सतरा तारखेला, जिन्याच्या खालच्या पायरीपर्यंत. तुम्ही माझा हात झटकलात आणि वर जाऊन आतून कडी लावलीत. मी अर्धा तास बाहेर उभी होते.

खरं आहे. ते मी वहीत लिहिलेलं नाही.