ज्वारीच्या कणगीतलं हँडल

सुमनच्या बाबांना कांताचा सप्रेम जयभीम.

तुमी असताना तुमाला चिठ्ठी लिहायची पाळी कधी आली न्हाई. पाथरीला होता तवाबी दर पंधरा दिवसाला घरी यायचात, मग लिहू कशाला? सातवीपर्यंतची शाळा चुलीत गेली असं मी म्हणायची आन तुमी हसायचात. आज ती कामाला आली बघा. पण कशासाठी आली!

सकाळी दळण काढायला कणगीत हात घातला आन बोटांना गार लोखंड लागलं. ज्वारी खाली गेलीय. ट्रॅक्टरचं हँडल कणगीत हाय हो. मीच घातलंय. तुमी गेलात त्याच्या आदल्या सांजेपासून तिथंच हाय. पौषापासून आता जेठ आला, या घरात मला सोडून कुणालाच ठाऊक न्हाई.

आन भाऊजी उद्या सकाळच्या यष्टीनं गाव सोडून चाललेत. औरंगाबादला, कुठल्याशा कारखान्यात. परत यायचं नावच काढीनात. हँडल आपल्या हातून हरवलं आन त्यापायी दादा गेला, असं त्यांनी मनात पक्कं धरलंय. आत्याबाईंनीबी तेच धरलंय. पोटच्या लेकाशी पाच महिने झाले बोलल्या न्हाईत त्या. ताट सरकवतात आन तोंड फिरवतात. त्या ताटात भाकर वाढणारी मी असते.

तुमाला सांगितल्याशिवाय मला दुसऱ्या कुणाला सांगता येईना. म्हणून लिहायलेय.

ट्रॅक्टर आणलात तो दिवस आठवतो का? पाथरीच्या बागाईतदारानं मोठा ट्रॅक्टर घेतला आन हा जुना, बुटका तुमाला देऊन टाकला, नऊ वर्षांच्या चाकरीपायी. तुमी ताडकळसच्या भर बाजारातून चालवत आणलात. लोक इचारायलते, हा ट्रॅक्टर हाय का ट्रॅक्टरचं पिल्लू? तुमी म्हणालात, पिल्लूच हाय, पर आईच्या डोक्यावरची मोळी उतरवतंय. सगळे हसले, आत्याबाईबी हसल्या. मी हसले न्हाई, कारण तुमी मस्करी करायला न्हवता हे मला कळलं होतं.

आन काय काय केलं त्या पिल्लानं! बांधावरच्या मेलेल्या बाभळी साखळी लावून मुळासकट ओढल्या. तुराट्या, पळाट्या आणल्या. उकिरडा रानात नेला. काटे ओढून कुंपण घातलं. मागच्या भिंतीला पांढरी माती आणली. दुष्काळात टिपाडं भरून पाणी आणलंत, अख्ख्या वस्तीला. आपल्या दारासमोर सरपणाची गंजी रचलेली असायची आन बाया म्हणायच्या, कांताचं बरंय. खरंच बरं होतं हो माझं.

बॅटरी तेवढी पहिल्यापासून मेलेली. हँडल फिरवल्याशिवाय गडी उठायचा न्हाई. ते हँडल म्हंजी या घरातली सगळ्यात मानाची वस्तू. काम झालं की भाऊजींनी काढायचं, पुसायचं आन पडवीतल्या खुटीला अडकवायचं. बाईमाणसानं हात लावायचा न्हाई, उलटं मारतं, मनगट मोडतं. एकदाच, मी लय हट्ट धरला तवा, तुमी माझ्या हातात दिलंत. म्हणालात, अंगठा वरून घालू नको, बोटांच्या बाजूलाच ठेव, न्हाईतर अंगठा जाईल. माझ्या हातानं चालू झालं न्हाई ते सोडा, पण अंगठा कुठं ठेवायचा ते मी इसरले न्हाई.

तुमची ती एक गोष्ट मात्र मला आवडायचीबी आन तिचा रागबी यायचा. मयताचं सरण. आपल्या आज्यापणज्यांनी गावची लाकडं डोक्यावर वाहिली, कुणी आवाज दिला की उठायचं, न्हाई म्हणायची सोय न्हवती. धम्म घेतला तवा मामांजींनी ते काम टाकलं. आन तुमी ट्रॅक्टर आणून परत सरणाची लाकडं न्यायला लागलात. मामांजी असते तर बोलले असते. मी बोललेच. तवा तुमी म्हणालात, "तवा हुकूम यायचा, कांता. आता माणूस येतो."

माणूस यायचा ते खरंच. भाडं घ्यायचं न्हाई, मयताचं भाडं घेत नसतात. पण अट होती तुमची. ज्याला ट्रॅक्टर पाहिजे त्यानं रस्त्यावरून हाक मारायची न्हाई. पडवीत यायचं, बसायचं, आपल्या तांब्यातलं पाणी प्यायचं, मग बोलायचं. पहिल्यांदा दोघंतिघं दारातून माघारी फिरले, बैलगाडी जुंपून बसले. पुढं पुढं येऊ लागले. तांब्या मी धरायची. पाणी पिऊन माणूस तोंड पुसायचा आन तुमी लगेच उठायचात, जेवत असलात तरी.

त्या दिवशी वरच्या गल्लीतले तात्या आले. त्यांची आई गेली होती. तुमी तीन दिवस हिवतापानं पडलेले, दात वाजायलते. तात्यांनी तुमाला बघितलं आन म्हणाले, राहू द्या, मी दुसरीकडं बघतो. तुमी म्हणालात, पाणी घ्या. ते प्याले आन माझ्या लक्षात आलं की आता तुमी ऐकणार न्हाई. लेकी यायच्या होत्या, म्हणून माती सकाळी होती. लाकडं आपल्याच ट्रॉलीत भरलेली होती, घरच्या सरपणाची. नुसती ओढ्याकाठी न्यायची होती. भाऊजी म्हणाले मी नेतो, तर तुमी म्हणालात, ओढ्याचा उतार तुला जमायचा न्हाई.

मी रडले, भांडले. तुमी भिंतीकडं तोंड केलंत. मग दिवेलागणीला भाऊजींनी हँडल पुसून खुटीला अडकवलं आन हातपाय धुवायला गेले. मी ते उचललं आन कणगीत खुपसलं, कोपरापर्यंत हात घालून. वाटलं, सकाळी सापडायचं न्हाई, तुमी दोन शिव्या द्याल, दमाल आन पडून राहाल. तात्या बैलगाडी करतील. एवढंच होतं मनात. माझी सुमन शप्पथ, एवढंच होतं.

सकाळी तुमी भाऊजींवर किती ओरडलात. कुठं टाकलंस, रानात इसरलास का, लक्ष कुठं असतंय तुझं? ते पोरासारखे खुटीखाली चाचपत होते. मला एका शब्दानं इचारलं न्हाई तुमी. इचारायचं होतंत की! हँडल गड्यांचं, त्याच्याशी बाईचा काय संबंध, असंच ना? एकदा नुसतं म्हणाला असतात, कांता, तू बघितलंस का, तर माझ्याच्यानं खोटं बोलवलं नसतं. निदान तवा तरी नसतं.

मग तुमी म्हणालात, उतारावरून सोडतो. ट्रॉली भरलेली असली की उतारावरून सोडायचं न्हाई, मागचं वजन पुढच्याला गिळतं, हे तुमीच भाऊजींना शिकवलेलं. ते म्हणालेबी, दादा, आधी ट्रॉली सोडवू. तुमी म्हणालात, मयत ताटकळलीय. आन अंगावर घोंगडी घेऊन गेलात.

मी चुलीपुढून उठून दारापर्यंत आले. हाताला पीठ होतं. तोंडाशी आलेलं, हँडल माझ्यापाशी हाय. पण वाटलं, न्हाई व्हायचा चालू, येतील माघारी. भाऊजींनी चाकाखालचा दगड काढला. ट्रॅक्टर घरंगळला, दोन आचके दिले आन धडधडला. मला राग आला हो. चालू झाला म्हणून राग आला. तो राग अजून मनातून उतरला न्हवता तोवर खालून आवाज झाला आन इंजिन बंद पडलं.

त्याच्या पुढचं तुमाला ठाऊक न्हाई, म्हणून सांगते. ट्रॅक्टर ओढ्यात उलटला होता, तुमी त्याच्याखाली, आन लाकडं पसरली होती. तात्या स्वतः उतरले, त्यांच्या लेकांनीबी लाकडं गोळा केली. आन तात्या म्हणाले, "आधी त्याच्यासाठी घ्या. माझी आई थांबंल." एकाच ट्रॉलीची लाकडं दोन सरणांना पुरली. घरच्या चुलीसाठी तोडलेली होती ती.

भाऊजींनी आठ दिवस रान पालथं घातलं. सरी न् सरी बघितली. रोज चिखलानं भरून यायचे आन जेवायचे न्हाईत. एका दुपारी माझ्यासमोर येऊन बसले आन म्हणाले, "वैनी, त्या सांजेला मी हँडल खुटीला अडकवलं होतं का हो? तुमी बघितलं होतंत का? मला वाटतंय अडकवलं होतं. पर आता मलाच खात्री न्हाई."

मी म्हणले, ध्यानात न्हाई.

लपवलं ते येड्या मायेनं केलं असं एखाद्या वेळी मी मनाला समजावते. पण हे? हे मी शुद्धीवर असताना केलं. त्या दिवसापासून तो माणूस खचला. तुमच्या पुण्यानुमोदनाला गाव बोलला, तात्या बोलताना रडले, आन भाऊजी सगळ्यात मागं, चपलांपाशी बसले होते. मी बघत होते. तरी गप्प राहिले.

दोनदा हँडल पदराखाली घेऊन विहिरीवर गेले. टाकवलं न्हाई. तुमच्या हाताची जागा झिजून गुळगुळीत झालीय, तिथं माझा हात बसला आन माघारी येऊन मी ते परत कणगीत खुपसलं. मग वाटायचं, ज्वारी संपूच नये. भाकरी लहान करायला लागले मी. सुमन म्हणायची, आई, अर्धी अजून दे, आन मी तिच्यावर खेकसायची. लेकराच्या तोंडचा घास कमी केला मी, लोखंड झाकून राहावं म्हणून. काय म्हणाल तुमी मला?

ट्रॅक्टर बैल लावून वर काढला, तो घरामागं उभा हाय. भाऊजींनी त्याला हात लावला न्हाई. कोंबड्या त्याच्या सीटखाली अंडी घालतात. आन तुमची आई, जिच्या डोक्यावरून मोळी उतरावी म्हणून तुमी सगळं केलंत, ती पुन्हा बांधावरून काटक्या येचून डोक्यावर आणायलीय. मी जाते म्हणलं तर ऐकत न्हाईत. म्हणतात, माझी चुंबळ मलाच शोभते.

मला लय भ्या वाटायलंय हो. सांगितलं तर आत्याबाई मला उंबऱ्याच्या आत ठेवतील का? सुमनला घेऊन मी कुठं जाऊ? माहेरात आता भावजयींचं राज्य. मोठी झाली की सुमन काय म्हणेल, आईनं बाबाला मारलं? आन न्हाई सांगितलं तर उद्या भाऊजी पेटी घेऊन यष्टीत बसतील आन जन्मभर दादाला मारल्याचं ओझं वाहतील, माझ्या वाटचं. आत्याबाईंचा एक लेक मी घालवला, दुसरा मी गप्प राहून घालवायलेय. रात्रंदिवस हेच. डोकं फुटायची येळ आलीय.

तुमी असता तर काय केलं असतंत ते मला पक्कं ठाऊक हाय. म्हणूनच इतके दिवस तुमच्याशी बोलले न्हाई.

आता दुपार कलायलीय. आत्याबाई ताडकळसच्या बाजाराला गेल्यात, येतीलच. भाऊजी पडवीत पेटीला दोरी बांधायलेत. हँडल माझ्या मांडीवर हाय, ज्वारीचे दाणे अजून चिकटलेत त्याला.

तर तुमाला शब्द देते. उद्या न्हाई, आजच. आत्याबाई उंबऱ्याच्या आत आल्या की दोघांच्या देखत हे हँडल मी त्या खुटीला अडकवीन. आन भाऊजींनी जे इचारलं होतं त्याचा जबाब देईन, की भाऊजी, तुमी अडकवलं होतं, मी बघितलं होतं, मीच काढलं. मग तुमचाच तांब्या भरून त्यांच्यापुढं धरीन. पुढं ते काय करायचे ते करोत. पाणी घेतील का हो ते माझ्या हातचं? घेतलं न्हाई तरी तांब्या धरून मी उभी राहीन, खाली ठेवायची न्हाई.

आत्याबाईंची काठी वाजली. उठते.

तुमची,
कांता