दाजींच्या विमानातली वायर

१८ मे
पान्हा फेकून मारला. दाजींना नाही, भिंतीला. पोपडा निघाला तरी डोकं शांत होईना.

मंगीचा नवरा म्हणून आजवर लई ऐकून घेतलं या माणसाचं. धारूरात गेट आणि ट्रॉल्या वेल्डिंग करतात, हात सोन्याचा आहे, मान्य. दोन माणसांचं विमान खरोखर उभं केलंय. सांगाडा बघून माजलगावातले लोक फोटो काढून जातात. पण मोटरी दुरुस्त करतो म्हणून वायरिंग मी करायचं असं मंगीसमोर ठरलं होतं. मी परळीला एक मोटर बघायला गेलो तेवढ्यात स्वतःच ओढून मोकळे. घरात लाईटफिटिंगला वापरतात ती वायर!

म्हणे, "बारा व्होल्ट तर हाय बे दत्ता. घरात ह्याच वायरीवर दोनशे तीस पळतंय."

अरे, व्होल्ट कमी म्हणूनच तेवढ्या कामाला करंट जास्त लागतो. वायर तापते ती करंटनं. त्यात तोल साधायला बॅटरी ठेवलीय शेपटाकडं, इंजिन नाकात. एवढ्या लांब बारीक वायरीतून जाईस्तोवर निम्मा जीव वाटेतच जातो. पेट्रोल ओढणारा पंप मग काय ओढणार? चौथीतल्या पोराला सांगावं तसं सांगितलं. हसले. म्हणाले, जाड वायरीच्या वजनानं उडायचं न्हाई.

२१ मे
वजनाचं तोंड बंद करायला काटाच घेऊन गेलो. जाड वायरीचं भेंडोळं एका पारड्यात, त्यांची वायर दुसऱ्यात. फरक दाजींच्या जेवणाच्या डब्याएवढा. पंपासाठी टेफ्लॉनच्या आवरणाची वायरही नेली. साधं आवरण जळालं की त्याच्या धुरानं माणूस आधी आंधळा होतो, मग बाकीचं.

काट्याकडं बघितलंही नाही. "आता मेहुन्यानं शिकवायचं का मला?"

आणि वर पाहुण्यांत जाहीर केलंय, पहिल्या उड्डाणात मागच्या सीटवर मंगी बसणार. धरणाचं पाणी मागं हटलंय तोवर गाळाची जमीन कडक आहे, तिथूनच उडवायचं. पाणी चढलं की वर्ष गेलं. म्हणून घाई.

माझी बहीण आहे ती. नारळ न्हाई, फोडून बघायला.

२४ मे
हाताची बोटं सुजलीत, अक्षर वाकडं येतंय.

शेडमध्ये इंजिन चालू करून बघत होते. मंगी सीटवर, ब्रेक दाबून. पंपाचा फ्यूज उडाला. नवा घातला, तोही उडाला. मी चहाला टपरीवर गेलो. तेवढ्यात दाजींनी काय करावं? वायर सोलून तांब्याच्या तारांचा पीळ फ्यूजच्या जागी कोंबला. आपल्याकडं शेतातल्या विजेच्या डीपीवर सगळे हेच करतात. फ्यूज उडाला की तार जाड करायची, ती उडाली की अजून जाड. मग मोटर जळते आणि आत नवी तार गुंडाळून भरायला माझ्या दुकानात येते. माझं घरच त्यावर चालतं, मी कोणाला बोलू? पण विमानात!

परत आलो तर धूर. डॅशबोर्डमागं आवरण वितळून थेंब पडत होते. मंगी खोकत उतरली, स्विच बंद करताना तळहात भाजलेला.

मग मी दाजींना मारलं. किती ते मोजलं नाही. नाक फुटलं, शर्टभर रक्त. खाली पाडूनही मारलं. चौघांनी ओढलं तेव्हा थांबलो. खोटं कशाला लिहू, बरं वाटलं.

२५ मे
आता नाही वाटत बरं.

अधिक महिना चालू. आईनं रविवारी जावयाला धोंड्याचं जेवण सांगितलंय, अनारशाचं पीठ मुरतंय. तिला कळलं तशी दारातच माझ्या कानाखाली ओढली. "ह्या महिन्यात जावयाचे पाय धुत्यात रं, आन् तू त्येचं नाक फोडून आलास?"

दुपारी दाजींचे दोन भाऊ दुकानावर. काच फोडली. भरून ठेवलेल्या मोटरी रस्त्यावर आपटल्या. माझ्या बरगडीत पाईप बसला. मीही एकाचा दात पाडला. पोलिसात कोणी गेलं नाही. घरचं आहे.

श्वास घेताना कळ येते.

२८ मे
मंगीचा फोन. रडत नव्हती, चिडली होती.

"दादा, तू खरा हाइस. पण त्यांचं नाक फुटलं नसतं, तर त्यांनी कवाच बदलली असती वायर. जळाली तवा घाबरलेच हुते. आता बदलली तर मार खाऊन बदलली, असं हुतंय."

तू बसू नकोस म्हटलं. "न्हाई बसले तर भावाकडं गेली म्हनतील. तू मारायच्या आधी माझा इचार केलतास का?"

केला नव्हता. माझ्या एका बुक्कीनं ती वायर इज्जतीची करून ठेवली. स्वतःचाच हात तोडावासा वाटतोय.

३१ मे
धोंड्याचं जेवण झालं. पाय मीच धुतले. पितळी परातीत, सगळ्या पाहुण्यांसमोर. दाजींनी पाय मुद्दाम परातीतच ठेवले, मी वाकलेला, बरगडी ओरडतेय. पाय धरून म्हणालो, चुकलं. आणि हळूच विचारलं, वायर?

"बदलली."

कोणती घातली?

"तुझीच."

बघू द्या म्हटलं. मोठ्यानं म्हणाले, "इस्वास न्हाई का जावयावर?" सगळे माझ्याकडं बघायला लागले. आईनं अनारसा माझ्या तोंडात कोंबला.

२ जून
सकाळी धरणाच्या गाळावर गेलो. गर्दी जत्रेसारखी. मंगी सीटवर बसलेली, तळहाताला पट्टी. विचारलं, वायर बदललेली बघितलीस का?

"मला दावली न्हाई."

डॅशबोर्डच्या झाकणाला हात घातला, दाजींच्या भावानं पिरगाळला. मग मी मंगीलाच धरलं. काखेत हात घालून ओढली बाहेर. ती माझ्या मनगटाला कडकडून चावली, लाथ मारली, सगळ्यांसमोर. "सोड! मारायलाच शिकलास का तू फकस्त?" रक्त आलं, पण सोडलं नाही. ती गाळात पडली. मी सीटवर जाऊन बसलो आणि पट्टा बांधला. आता मी उतरत नाही म्हटलं.

दाजींनी नाकावरची पट्टी काढून टाकली. मला वाटलं, आता मारतील. पण नुसतं म्हणाले, "बस. आता तूच बस."

इंजिन चालू करणार तेवढ्यात आडवं वारं सुटलं. शेपूट गरगरायला लागलं. लोकांनीच धरून ठेवलं. उद्या सकाळी जायचं ठरलं, मी मागच्या सीटवर. झाकण काही उघडू दिलं नाही.

मंगीनं जाताना एकदा मागं वळून बघितलं फक्त.

सीटवर बसताना रागात होतो. आता भीती वाटतेय. त्यांनी वायर बदलली असेल तर उद्या सगळ्या माजलगावात मी येडा ठरणार. नसेल बदलली, तर खरा ठरणार.

देवा, येडा ठरव मला.