सोबतचा डबा आधी उघडू नये

दारव्हा,
सोमवार

तीर्थरूप सौ. ताईस,

मधुसूदनचा वाकून नमस्कार. भाऊजींनाही सांग, पण हे पत्र त्यांना वाचायला देऊ नकोस. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डोळ्यांना ताण नको हे एक कारण आहे, दुसरं पुढे कळेलच. थेंब वेळेवर घालतेस ना? तुझी पाठ कशी आहे? इथे आम्ही सगळे ठीक, म्हणजे शोभा आणि भैरवी ठीक आहेत. माझी झोप गेली आहे, जेवणावरची वासना गेली आहे, आणि डावा डोळा फडफडतो. नेमसिंगच्या काळीपिवळी जीपमधून या पत्राबरोबर एक स्टीलचा डबा येईल. पत्र पुरतं वाचून होईपर्यंत तो उघडू नकोस. (उघडला असशील तर आधी बस आणि थोडं पाणी पी. घाबरण्यासारखं काही नाही. म्हणजे आहे, पण तुझ्यासाठी नाही.) तू म्हणशील, एवढं होतं तर फोन का केला नाही? ताई, फोनवर तू मोठ्याने बोलतेस, आणि तुझ्या घरातलं मोठ्याने बोललेलं शेजारच्या घनश्यामरावांच्या अंगणात स्पष्ट ऐकू जातं. फॅमिली ग्रुपवर लिहावं तर त्यात शोभाने साक्षगंधाच्या आधीच अतुलरावांना घेऊन ठेवलं आहे.

भैरवीचं साक्षगंध गेल्या गुरुवारी झालं हे तुला माहीत आहेच. भाऊजींच्या डोळ्यामुळे तुला येता आलं नाही, याची चुटपुट तेव्हा आम्हाला लागली होती. आता वाटतं, नाही आलीस ते बरंच झालं. स्थळ तू सुचवलेलं, त्यामुळे मुलाबद्दल मला कसलीही शंका नाही. अतुल गुणी आहे, भैरवीला पसंत आहे, आणि मुख्य म्हणजे तो बोलताना समोरच्याचं ऐकून घेतो. काळजी होती ती त्याच्या मामांची. वडील लहानपणीच गेले, मामांनी वाढवलं, तेव्हा त्या घरात घनश्यामरावांचा शब्द शेवटचा हे तूच मला बजावलं होतंस. 'मामा खूश तर सगळं खूश,' हे तुझं वाक्य मी महिनाभर मनात घोकत होतो. त्याचा उलटा अर्थही घोकत होतो, आणि तोच जास्त.

आता मे महिन्यातलं दारव्हा तुला मी काय सांगू? पाहुण्यांचा निरोप आला की, ऊन तापायच्या आत पोचायचं म्हणून आम्ही पहाटेच निघू, तोंडं तिथेच येऊन धुऊ. निरोप साधा होता, पण मी तो ऐकून खालीच बसलो. आमच्या गल्लीत नळ कधी येईल हे नळालाही ठाऊक नसतं. टँकरवाला 'येतो' म्हणतो, आणि त्याचं 'येतो' म्हणजे काय हे आम्ही सगळे जाणतो. एक ड्रम भरून ठेवला होता, त्याला मी कुलूप लावलं होतं. (हसू नकोस. शेजारच्या कॉलनीत ड्रमला कुलूप नव्हतं, त्यांची सून आता माहेरी राहते, याचा त्याच्याशी संबंध असेलच असं नाही, पण आहे.) बाकी होतं नव्हतं ते पाणी बैठकीच्या मागच्या खिडकीतल्या कूलरमध्ये ओतलं, कारण पाहुणे एक वेळ तहानलेले चालतील, घामेजलेले चालणार नाहीत, असं शोभाचं म्हणणं पडलं. एवढ्या माणसांनी चुळा भरल्या असत्या तर स्वयंपाक कशात करायचा, या विचाराने मी कॉलेजच्या ऑफिसात चुकीच्या मुलाला बोनाफाईड दिलं.

अशा वेळी तुझा पियूष पुण्याहून आला. मुलगा हुशार आहे, त्याला मी दोष देत नाही, हे आधीच लिहून ठेवतो, म्हणजे पुढे जे लिहीन त्याने तुला वाईट वाटणार नाही. त्याने बॅगेतून एक खोका काढला. आत कागदात गुंडाळलेल्या, बोटाएवढ्या प्लास्टिकच्या काड्या. एका टोकाला इवलासा ब्रश, त्याच्या पोटात पेस्टचा एक मणी, दुसऱ्या टोकाला दात कोरायचं टोक. पाणी लागत नाही, चूळ लागत नाही, घासलं की फेकून द्यायचं. पुण्यात म्हणे लोक गाडी चालवता चालवता सिग्नलला दात घासतात. (खरं असेल तर तू त्याला तिथून परत बोलाव.) कडुनिंबाची काडी आठवली असेल तुला. मलाही आठवली होती, पण आमच्या दारचा निंब तारांना लागतो म्हणून वीजवाल्यांनी महिन्याभरापूर्वीच बोडका करून ठेवला आहे. तेव्हा मी त्या खोक्याकडे पाहिलं आणि महिन्याभरात पहिल्यांदा मला थोडं बरं वाटलं. मला बरं वाटलं की काहीतरी होतं, हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे.

पाहुणे आले. शोभाने पाय धुवायला म्हणून तांब्याभर पाणी पुढे केलं, ते मी सगळ्यांच्या पायांना पुरवलं. मग पियूष चांदीच्या तबकात त्या काड्या मांडून, गुलाबपाण्याच्या मागोमाग घेऊन आला, आणि पहिली काडी सगळ्यात मोठ्या माणसाला, म्हणजे मामांना दिली. वर सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती कशी वापरायची ते समजावलं. मामांनी ती उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाले, "हे कायले?" पियूष म्हणाला, "दात स्वच्छ करायला, मामाजी. तोंडाचा वास पण जातो." ताई, तोवर तबक सगळ्यांपुढे फिरलंही होतं. दारात पाऊल ठेवलेल्या व्याह्याच्या हातावर आपण पान-सुपारी ठेवतो, तिथे आपल्या घराने ब्रश ठेवला होता. त्यात पाहुण्यांमधली एक आजीबाई काडीला हेअरपिन समजून अंबाड्यात खोचून मोकळी झाली. एक काका आत साखरेची गोळी आहे समजून मणी चघळत बसले आणि बराच वेळ त्यांना बोलता येईना. बाकीचे सगळे काडी हातात धरून मामांकडे पाहत उभे, कारण मोठ्यांच्या आधी तोंडाला काही लावायचं नाही ही त्या घरची रीत. "मामाजी, तुमी सुरू करा, मंग आमी," असं कोणीतरी म्हणालं. मामा म्हणाले, "कोणी पाहून राह्यलं तं मले जमत नाई," आणि काडी घेऊन मागच्या अंगणात निघून गेले.

मी दारातच उभा राहिलो. मागे जावं तर पाहुण्याच्या पाळतीवर गेल्यासारखं दिसतं, न जावं तर बेपर्वाई दिसते, म्हणून मी दोन पावलं पुढे आणि दोन मागे असं करत राहिलो. (शोभाला वाटलं मला पोटाचा त्रास होतोय, तिने ओव्याची डबी हातात दिली.) मामा आले ते तोंडाला रुमाल लावूनच. मी हात जोडून म्हटलं, पोरगं अजाण आहे, गैरसमज करून घेऊ नका. ते एक अक्षर बोलले नाहीत. डोळे तेवढे मोठे करून माझ्याकडे पाहिलं आणि जागेवर जाऊन बसले. मी मनातल्या मनात मांडव उतरवला.

पुढचा सगळा कार्यक्रम मामांच्या त्या गप्प बसण्याखाली झाला. कुंकू लागलं, ओटी भरली, अंगठ्या झाल्या. मोठ्या माणसाने 'पोरगी आमची झाली' म्हणायचं असतं, तिथे मामांनी भैरवीच्या डोक्यावर हात ठेवला आणि नुसता नारळ दिला. लग्नाची बोलणी निघाली तेव्हा ते बोलत नाहीत असं पाहून मी आपणहून जेवणात एक गोड वाढवलं. तरी गप्प. मी दुसरं गोड वाढवलं. मग बँड म्हटलं. मग वऱ्हाडाला मोठी बस म्हटलं. मग तीत कूलर म्हणालो, आणि शोभाने मागून असा चिमटा काढला की त्याची निळी खूण अजून आहे. मामांनी प्रत्येक गोष्टीला फक्त मान हलवली. होकार होता की कीव, मला कळलं नाही. पंगतीत त्यांनी सांभारवडी बाजूला सारली, वडे बाजूला सारले, पुरणपोळीला हात लावला नाही. शोभाने रात्रभर खपून केलेलं ताट तसंच राहिलं. रुमालाच्या आडून वाट्यामागून वाट्या आमरस आणि कढी तेवढी घेतली, आणि तो आमरसही मला टोमणा वाटला. व्याही न जेवता उठला याचा अर्थ आपल्याकडे काय होतो ते मी तुला सांगायला नको. मामा गाडीत बसत असताना भैरवी पाया पडली, तेव्हा त्यांनी तिच्या गालाला हात लावला, पण बोलले नाहीतच. ती आत येऊन विचारत होती, "बाबा, मी चुकले का काही?" ताई, तिचा तो चेहरा मला पाहवला नाही.

तेव्हापासून फोन वाजला की मला वाटतं, मोडल्याचा निरोप आला. आता वर लिहिलेलं हे दुःख परवापर्यंतचं आहे, आजचं वेगळं आहे, ते खाली पाहावे. तब्येतीला जप, भाऊजींना उन्हात सोडू नकोस. लहानांना आशीर्वाद, पियूषला थोडा कमी.

तुझा,
मधुसूदन

ता.क. हे मूळ पत्रात लिहिलं नाही, कारण भाऊजी हट्टाने पहिली पानं वाचतात आणि सही आली की चष्मा काढतात. परवा कूलरने गार वारा देणं बंद केलं. पंप अडकला म्हणून मी बाजूची जाळी काढली. (ती आधीच तिरकी होती, मी मांजराला शिव्या दिल्या होत्या.) टाकीत हात घातला, तर हाताला दात लागले. एक नाही, सगळे. वरच्या जबड्याची पूर्ण कवळी, ताई, आणि तिच्यावर पियूषच्या त्या पेस्टचा हिरवा लेप. मी ती हातात धरून अंगणात उभा राहिलो आणि मला एकेक गोष्ट उलगडत गेली. ड्रमला कुलूप, नळ कोरडा, मागितलं तर पाणी मागितल्याचा कमीपणा, आणि बाहेर सगळं वऱ्हाड काडी घेऊन वाट पाहतंय. बिचाऱ्याने कवळी काढली, घासली, आणि खळबळायला म्हणून जाळी उचलून कूलरमधलं पाणी घ्यायला गेला, तर ती हातातून निसटून टाकीत गेली. मामा रागावले नव्हते. त्यांना दात नव्हते! मला इतकं हलकं वाटलं की मी कवळीला नमस्कार केला. आणि लगेच दुसरी धडकी भरली. उसाचं कांडं दातांनी सोलतो असं सांगणारा हा माणूस. आपल्याला हे कळलं असं चारचौघांत उघड झालं, तर ते लाजेने आमच्या दारात पाय ठेवणार नाहीत, आणि मग लग्न कसलं?

ता.क. २. तेव्हा खरं काम हे. त्यांनी लाडू आणलेला डबा आमच्याकडे राहिला होता, तो रिकामा परत करता येत नाही, हे फार बरं आहे. वरच्या थरात शोभाचे रव्याचे लाडू आहेत, मऊ करायला सांगितले. (कारण माझं हिरड्यांचं दुखणं सांगितलं. आता ती मला रोज मिठाच्या गुळण्या करायला लावते.) मधे बटर पेपर, आणि खाली मलमलीत ती वस्तू. पियूषच्या खोक्यात एक काडी उरली होती, तिनेच चकचकीत घासली. ब्रश कामाचा आहे, पण हे त्याला सांगू नकोस. डबा फक्त घनश्यामरावांच्या हातात द्यायचा, 'मधूने तुमचा डबा पाठवला' एवढंच म्हणायचं, चहाला थांबायचं नाही आणि त्यांच्या तोंडाकडे पाहायचं नाही. माझ्या पोरीचं सगळं तुझ्या हातात आहे.

आत्या, मी भैरवी. बाबांनी पाकीट चिकटवायला दिलं, मी आधी वाचलं. साक्षगंधाच्याच दिवशी संध्याकाळी मामांचा मला फोन आला होता. अर्धं बोलणं समजेना म्हणून अतुलने मधे बसून सांगितलं. कवळीचं त्यांच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे, फक्त ठाऊक आहे असं कोणी दाखवत नाही. मी ती काढून ठेवणार होते, पण बाबा पाण्यामुळे कूलरपाशी कोणाला फिरकू देत नव्हते. मामा म्हणाले, "पोरी, तुह्या बाबाले सांगू नको. माणूस आधीच लय भेते. त्याले वाटते मी रुसलो, तं वाटू दे, चार दिवसांनी मी हासलो का निघून जाईन ते. पण त्याच्या घरी माह्ये दात गेले हे समजलं तं तो जन्मभर जीवाले लावून घेईन." म्हणून तू डबा दे आणि काही माहीत नसल्यासारखी परत ये. मामांना वाटू दे की दात मीच काढून गुपचूप डब्यात घातले, आणि बाबांना वाटू दे की हे दुसऱ्या कोणाला ठाऊकच नाही. मला त्या घरात जायची इतके दिवस धाकधूक होती, त्या फोननंतर ती राहिली नाही. वरच्या थरातले दोन लाडू तू काढून घे, बाबांनी मोजलेले नाहीत.