वाल्मिकची मूठ

सुरत, ४ ऑगस्ट २०२५

प्रिय वाल्मिकभाऊ,

नमस्कार. इकडे सगळे मजेत, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. तू फोन उचलत नाहीस, म्हणून स्पीडपोस्ट. पत्र तरी कापता येत नाही.

आज कानबाईचं तापीवर विसर्जन करून आलो. ऐन सणात मी शुक्रवारी लॅबमध्ये बसले, म्हणून मायची बोलणी खाल्ली. पण भाऊ, काय पाहिलं ऐक! काचेच्या बशीत जिवंत मज्जापेशी, आणि आत बारीक नळ्यांची परांची हिरवी चमकत होती. परांचीचे बांबू सुतळीने बांधतात ना, तशा त्या नळ्या टाऊ नावाचं प्रथिन धरून ठेवतं. जीएसके-३ नावाचं एक एन्झाइम टाऊवर फॉस्फेट चिकटवतं, की ती पकड सुटते. पेशीला वाढायचं, वळायचं तर गाठ सोडावीच लागते, मग पुन्हा बांधायची. माझ्यासमोर ती पेशी हात लांबवत निघाली होती. आपण मायच्या पोटात होतो तेव्हापासून हे चाललंय, आणि आपल्याला पत्ताही नाही!

हे एन्झाइम आवरेनासं झालं, तर गाठी सुटतच जातात. सुटलेल्या सुतळीचा पेशीत गुंता होतो.

आबांच्या डोक्यात तसंच काहीसं चाललंय. अल्झायमर. लिहायचं टाळत होते. लूमच्या खात्याचा, रोजच्या कामावरचा रस्ता चुकले, तेव्हा डॉक्टरकडे नेलं.

तू लूम सोडून पुण्याला निघालास तेव्हा आबा ओरडले होते, "आते मन्हा रोटमा तुन्ही मूठ नही!" शब्द पाळला त्यांनी. कानबाईच्या नैवेद्याच्या रोटांसाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने गव्हाची सव्वा मूठ पडते, तुझी कधी पडली नाही. (मुलींची पडतच नाही, हे मी दरवर्षी मायला ऐकवते.)

शनिवारी माय गहू काढून उठायला लागली, तर आबांनी तिचा हात धरला. "वाल्मिकनी मूठ र्‍हायनी ना!" आणि स्वतः ओंजळीत भरून टाकली. माय रडली, मीही रडले.

भांडण विसरलेत, भाऊ. तुझं नाव अजून आहे. पुढच्या कानबाईला असेल का, ते डॉक्टरही सांगत नाहीत. जो आजार सगळं न्यायला आलाय त्याने आधी राग नेला, याने मी अजून थक्क आहे.

तुझा रोट झाकून ठेवलाय. भाऊबंदांशिवाय कुणाला देता येत नाही, आणि पुनवेच्या आत संपवायचा असतो. शनिवारी पुनव आहे.

तुझी धनश्री,
आणि कालपासून "तो उना का?" विचारत दारात बसलेले आबा