सौ. माया यांचा वाढदिवस व विशेष सर्वसाधारण सभा

रविवार, २६ ऑक्टोबर २०२५

सकाळी ठरवलं. २३ नोव्हेंबरला माया पन्नास पूर्ण करते. तोही रविवारच. यंदा जोरदार करायचा. सगळं मी एकटा बघणार.

लोकांना वाटतं, व्हीआरएस घेतली म्हणजे माणूस रिकामा. कल्याणच्या खडकपाड्यासारख्या ठिकाणी तीन विंगांची सोसायटी चालवणं काय असतं, ते सेक्रेटरी झाल्याशिवाय कळत नाही. माया ठाण्याला हॉस्पिटलात आहे, आयसीयूत सीनियर सिस्टर. पण ती नोकरी. माझं करिअर आहे. नोकरीत ड्यूटी संपते.

तरी फॅमिलीला वेळ द्यायचा. संकल्प.

मायाला विचारलं, पन्नासाव्याला काय हवं. ती नाईटला निघाली होती, बूट घालत होती. म्हणाली, झोप. मी हसलो. तिचा विनोद असा कोरडा असतो.

गुरुवार, ३० ऑक्टोबर

समृद्धीला पुण्याला फोन केला. म्हटलं, तुझ्या आईचा मोठा कार्यक्रम करतोय, शनिवारीच ये. म्हणाली, पप्पा, आईला विचारलंत का? म्हटलं, विचारलं. काय म्हणाली? झोप म्हणाली. मग समृद्धी म्हणाली, मग तेच द्या ना. आई आणि मुलगी एकच जोक करतात.

मायाला आज स्टेशनवर सोडायचं कबूल केलेलं. तेवढ्यात बी विंगची लिफ्ट अडकली. ती रिक्षाने गेली. तिला सवय आहे.

मंगळवार, ४ नोव्हेंबर. दुपार.

वेळ आहे म्हणून थोडं आत्मपरीक्षण.

मायाची पूर्वी एक तक्रार होती. नाईट करून आली, झोपली, की घराची बेल. कुणाला एनओसी हवी, कुणाच्या जागेत कुणी गाडी लावलेली. सी विंगच्या वैशालीताई तर एकदा सरळ बेडरूममध्ये येऊन तिला मोबाइलवर गळतीचे फोटो दाखवत होत्या. जुलैत मी तोडगा काढला. दारावर पाटी लावली : 'सेक्रेटरींच्या मिसेस झोपल्या आहेत. अत्यंत तातडीचे असल्यासच बेल वाजवावी.' आणि स्वतः दिवसभर खाली ऑफिसात बसायला लागलो.

तेव्हापासून एकही तक्रार नाही. बेल वाजते म्हणा, प्रत्येकाचं तातडीचंच असतं. पण तक्रार नाही. संध्याकाळी वर जातो तेव्हा पोळ्या झालेल्या असतात आणि ती ड्यूटीची तयारी करत असते. चेहराही हल्ली बरा दिसतो. मॅनेजमेंट म्हणतात ते हे.

रविवार, ९ नोव्हेंबर

हरिहर आलेला. आमचा खजिनदार. म्हणाला, बी विंगच्या नव्या लिफ्टसाठी विशेष सभा या महिन्यातच घ्यायला हवी, आणि कोरम होणार नाही. खरं आहे. सभेला माणसं येत नाहीत. जेवायला येतात.

हे वाक्य मीच बोललो आणि माझ्याच डोक्यात प्रकाश पडला. वाढदिवसाला जेवण आहेच.

हरिहरने विचारलं, वहिनींना चालेल का? म्हटलं, तिला माणसांची आवड आहे. उगाच का सिस्टर झाली.

नोटिशीचा मसुदा लगेच केला : सौ. माया यांचा पन्नासावा वाढदिवस व विशेष सर्वसाधारण सभा. हरिहर म्हणाला, सभा आधी लिहा, नाहीतर कुणीतरी उपनिबंधकाकडे जाईल. क्रम बदलला. वाढदिवस शेवटी, 'ऐनवेळच्या विषयां'च्या आधी.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

नोटीस लागली. मायाला विचारलं, लिफ्टमधली नोटीस वाचलीस? म्हणाली, वाचली. पोळी लाटत होती. म्हणाली, आदल्या रात्री माझी नाईट आहे. म्हटलं, बरंच झालं, अकराची सभा आहे, तू जागीच असशील.

तिने पोळी तव्यावर टाकली. मग म्हणाली, बरं.

मान्यता मिळाली.

बुधवार, १९ नोव्हेंबर

भाषण लिहायला बसलो. सुरुवात त्रिशरण-पंचशीलाने, मग मी. लिफ्टविषयी चार पानं सरसर झाली. मायाविषयी अर्धं पान झालं आणि पेन थांबलं. तिला कुठला रंग आवडतो ते लिहायचं होतं. आठवायला लागलो तर युनिफॉर्मच डोळ्यांसमोर येत होता. पांढरा लिहिला. मग खोडला. मग परत लिहिला.

समृद्धीचा फोन आलेला. शनिवारी येतेय म्हणाली, पण कल्याणला थांबणार नाही. मग कुठे, ते विचारणार तेवढ्यात टँकरवाल्याचा फोन. राहिलं.

शनिवार, २२ नोव्हेंबर

मांडव तयार. कॅटररला दोनदा बजावलं, ठराव झाल्याशिवाय जेवण उघडायचं नाही.

माया ड्यूटीला निघाली तेव्हा हातात नेहमीपेक्षा मोठी बॅग होती. उद्याची साडी असणार. तिकडेच बदलून येईल. शिस्तीची आहे. म्हटलं, उद्या घरी न येता सरळ मांडवात ये. ती म्हणाली, तुम्ही वेळेवर जेवून घ्या.

किती काळजी करते. भाषणात घालावं का? घातलं. अर्ध्याचं पाऊण पान झालं.

रविवार, २३ नोव्हेंबर. संध्याकाळ.

अकराला मांडवात मी, हरिहर आणि डीजेवाला. कोरम नाही. नियमाप्रमाणे सभा अर्धा तास तहकूब. मग जेवणाचा वास सुटला आणि माणसं उतरली. लिफ्टचा ठराव मांडला. बराच गोंगाट झाला आणि विषय एकमताने पुढे ढकलला.

माया आली नव्हती. फोन बंद. भाषणाचे कागद खिशातच राहिले. केकवरचं क्रीम पाघळायला लागलं तेव्हा कुणीतरी म्हणालं, कापून घ्या आता. हरिहरने कापला. सगळ्यांनी गाणं म्हटलं, टाळ्या झाल्या. ए विंगमधल्या नव्या भाडेकरूंनी मला विचारलं, माया म्हणजे कुठल्या फ्लॅटमधल्या?

समृद्धीला फोन लावला. हळू आवाजात बोलत होती. आई आजीकडे आहे म्हणाली, मी पण इथेच. म्हटलं, बरी आहे ना? बरी आहे, झोपलीय. म्हटलं, मी येतो. ती म्हणाली, या, पण आवाज करू नका.

उरलेला केक डब्यात घेतला आणि रिक्षाने विठ्ठलवाडीला गेलो. सासूबाई शांताबाईंची चाळीतली खोली. दाराबाहेर मायाचे ड्यूटीचे बूट. आत दोरीवर तिचे युनिफॉर्म वाळत होते. खिडकीत तिचा चष्मा, तिची पाण्याची बाटली, बामची डबी. पाहुणी आलेल्या माणसाचं सामान असं नसतं.

शांताबाई दारातच आडव्या आल्या. तोंडावर बोट ठेवलं. म्हणाल्या, "हळू, रत्नदीपराव. गाढ झोपलीया."

म्हटलं, आज इकडे कशी आली?

"आज कुठलं? रातपाळी असली की सकाळी इथंच येती न्हवं ती. पावसाळ्यापासून. चार-पाच तास झोपती आन् सैपाकाला तुमच्याकडे जाती." मग माझ्याकडे नीट बघून म्हणाल्या, "तुम्हाला म्हाईत नव्हतं?"

म्हटलं, माहीत आहे.

समृद्धी पुढे झाली. माझ्या हातातला डबा घेतला आणि फ्रिजमध्ये ठेवला. मला बसायला स्टूल दिलं.

माया भिंतीकडे तोंड करून झोपली होती. तोंड जरासं उघडं. एक पाय चादरीबाहेर, टाचेला भेगा. बाहेर मुलं क्रिकेट खेळत होती. शांताबाई मधूनमधून दारात जाऊन त्यांना पलीकडे पिटाळत होत्या. मला वाईट वाटेल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही. काहीच झालं नाही. मी आपला बसून होतो.

बऱ्याच वेळाने तिने डोळे उघडले. मला बघितलं आणि एकदम कोपरावर उठली. म्हणाली, "कोण गेलं?"

म्हटलं, कुणी नाही गं. तुझा वाढदिवस आहे.

"हो का," म्हणाली आणि परत आडवी झाली. घरी कधी येतेस, असं विचारावं म्हणून मी घसा साफ केला. ती डोळे मिटूनच म्हणाली, "अहो, पंखा एकने वाढवा."

पंखा तीनवर होता. चारवर केला. ती झोपली. आणखी काही सांगेल म्हणून मी तिथेच उभा राहिलो.